खाडा : मुंबईतील साथी आणि कामगाराच्या आजारपणाचा पगार

ज्या दिवशी कामावर जाणे झाले नाही आणि म्हणून ज्या दिवसाची मजुरी हाती आली नाही, त्या दिवसाला मराठीत ‘खाडा’ म्हणतात, आणि मालकाच्या किंवा वरिष्ठाच्या संमतीने मोकळा मिळालेल्या दिवसाला ‘रजा’. रजा हा शब्द अरबी-फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थच संमती असा आहे. त्यामुळे रजेत कोणी मागणारा आणि कोणी देणारा गृहीत असतो, खाडा मात्र कोणाला विचारून पडत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या आजारपणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी खाड्याची रजा आणि रजेची भरपगारी रजा होण्याचा इतिहास आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो आणि अजून पुरा झालेला नाही. साथीच्या काळात साऱ्या शहरालाच एकदम खाडा पडतो, आणि त्या दिवसांचा भार कोणी उचलायचा हा एरवी हजेरीपटाच्या घडीत दबून राहणारा प्रश्न उघड्यावर येतो. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा कोविड या तीन साथींत या प्रश्नाला मुंबईत मिळालेली उत्तरे एकमेकांपेक्षा बरीच वेगळी होती, आणि ती कालक्रमाने सुधारत गेली असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

प्लेग आला तेव्हा मुंबईत सुमारे सत्तर कापड गिरण्या होत्या आणि त्यांत पाऊण लाखाच्या आसपास माणसे काम करीत होती. यांतील बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेले होते; बायकामुले आणि असलाच तर जमिनीचा तुकडा गावी, आणि स्वतः गिरणगावातील, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगारवस्तीतील, चाळीत दहा-पंधरा जणांच्या एका खोलीत, अशी त्यांच्या संसाराची वाटणी असे. कामगार आजारी पडला की गावी जाई, कोकणातला असेल तर बोटीने आणि घाटावरचा असेल तर आगगाडीने. तिथे त्याची शुश्रूषा आई किंवा बायको करी, त्याचे जेवण घरच्या धान्यातून निघे, आणि बरा झाल्यावर तो पुन्हा गिरणीच्या फाटकाशी उभा राही. म्हणजे मुंबईच्या कापड उद्योगाचा आजारपणाचा विमा कोकणातील आणि देशावरील शेतकरी कुटुंबे, त्यातही विशेषतः स्त्रिया, कोणताही हप्ता न घेता चालवीत होत्या. मालकांच्या जमाखर्चात या विम्याची नोंद कुठेही सापडत नाही, आणि ती नव्हती म्हणूनच मुंबईचे श्रम स्वस्त दिसत होते.

गिरणीच्या आत खाड्याचा हिशेब याहून कडक होता. कामावर घेणे आणि काढणे हे जॉबरच्या, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नाइकीण करी. सकाळी भोंगा झाला की कायम कामगार आपले तिकीट घेऊन आत जात आणि फाटकाबाहेर बदली कामगारांचा घोळका थांबून राही. ज्याच्या जागेचा माणूस आलेला नसेल त्याच्या जागी जॉबर या घोळक्यातून एकाला बोलावून घेई, आणि त्या दिवसाची मजुरी बदलीला मिळे. आजारी माणसाचा खाडा ही बदलीची कमाई असल्याने यंत्र थांबत नसे आणि मालकाचे फारसे नुकसानही होत नसे. तरीसुद्धा काही गिरण्यांत ‘दुहेरी खाडा’ नावाची पद्धत होती. तिच्यात न सांगता एक दिवस गैरहजर राहणाऱ्याचा दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारपण ही आगाऊ कळवून येणारी गोष्ट नसल्याने या दंडाचा मोठा वाटा आजारी माणसांवर पडत असणार हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९३६ चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. त्याने गैरहजेरीबद्दलची कपात प्रत्यक्ष गैरहजर राहिलेल्या काळाच्या पगारापुरती मर्यादित केली. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल असा अपवाद मात्र त्यात होता, कारण संपाची भीती तापाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

आजारपणाच्या पगाराची मागणी प्लेगच्या आधीची आहे. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सहीचा अर्ज कारखान्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे ठेवण्यात आला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या चार मागण्या लोखंडे यांच्या चरित्रकारांनी पुष्कळदा सांगितल्या आहेत. त्यामानाने पाचवीकडे कमी लक्ष गेले आहे. काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. पगार थांबू न देता बरे होण्याचा अवधी मिळावा ही कल्पना मुंबईच्या कामगारांनी इतक्या नेमक्या शब्दांत मांडलेली ही बहुधा पहिली वेळ असावी. ती इजेपुरती होती, तापाला लागू नव्हती. कारण इजेत गिरणीचा दोष दाखवता येत होता, ताप मात्र दैवाचा किंवा हवेचा मानला जाई. कामामुळे झालेले दुखणे आणि नुसते झालेले दुखणे हा भेद पुढे कायद्यातही जसाच्या तसा उतरला. रविवारची सुट्टी मालकांनी जून १८९० मध्ये मान्य केली. पाचव्या मागणीला उत्तर मिळायला चाळीस वर्षे लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्यातील डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले. महिनाभरात सक्तीने रुग्ण हलवण्याचे आणि घरे रिकामी करण्याचे अधिकार महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी वापरायला सुरुवात केली, आणि २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. या घटनेकडे पुढे अज्ञानाचा आणि धर्मभावनेचा उद्रेक म्हणून पाहिले गेले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही ही भीती खरी होती आणि जातीच्या विटाळाची भावनाही होती. पण रुग्णालयात गेलेल्या माणसाची जागा त्याच दिवशी बदलीकडे जाते, त्याच्या खोलीतील इतरांना छावणीत हलवले जाते, त्यांनाही खाडे पडतात आणि त्यांतल्या कोणाच्याही तोट्याची भरपाई कोठेही नाही, हा व्यवहार लक्षात घेतला तर दुखणे लपवण्यामागे अज्ञानाहून अधिक हिशेब दिसतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, माणसांना अलग ठेवण्याचे आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे अधिकार दिले, आणि सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिले. अलग ठेवलेल्या माणसाच्या मजुरीचे काय, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. हा कायदा होऊन पाच दिवस होत नाहीत तोच, ९ फेब्रुवारीला, प्लेगनेच लोखंडे यांचे निधन झाले.

कामगारांनी आपले उत्तर पायांनी दिले. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत आठ लाखांच्या मुंबईतील जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली होती, आणि त्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा होता. याच वेळी गिरणगावात एक विलक्षण प्रकार घडला. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने आणि तोही उशिरा देण्याची पद्धत होती, त्यामुळे कोणत्याही दिवशी कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले असत. १८८४ च्या अर्जातील पंधरा तारखेची मागणी याच दुखण्यावर होती. अडकलेला पगार म्हणजे पायातली बेडी होती, कारण मध्येच काम सोडून जाणाऱ्याला तो सोडून द्यावा लागे. प्लेगमध्ये मागे राहिलेल्या कामगारांनी या बेडीवरच बोट ठेवले आणि दिवसाचा पगार दिवस संपताच हातात मिळावा असा आग्रह धरला. माणसांचा तुटवडा इतका होता की मालक-संघाने आपसांत ठरवूनही मालकांना एकी टिकवता आली नाही. नाक्यानाक्यांवर उघड बोली लागून जास्त रोज देणाऱ्या गिरणीकडे कामगार जाऊ लागले, आणि कित्येक गिरण्यांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले.

ही मागणी नीट पाहण्यासारखी आहे. कामगाराच्या बाजूने पारडे झुकल्याचे मुंबईच्या साथींतील हे एकमेव उदाहरण, आणि त्या संधीत कामगाराने रजा मागितली नाही. केलेल्या कामाचे पैसे खिशात असावेत, म्हणजे शेजारच्या खोलीत उंदीर मरून पडू लागले की त्याच रात्री गाव गाठता येईल, एवढेच त्याला हवे होते. गाव हाच ज्याचा विमा, त्याला गावापर्यंत पोहोचण्याची मोकळीक ही सर्वांत मोलाची सवलत वाटावी यात नवल नाही. अर्थात कामगाराबरोबर प्लेगही गावी जात होता. रेल्वे स्थानकांवरच्या तपासण्या आणि छावण्या त्याला अडवण्यासाठीच होत्या. पण शहरात थांबून बरे होण्याचा खर्च कोणी देत नाही आणि गावी जाण्याचा मार्ग सरकार अडवते, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाकडून सार्वजनिक आरोग्याची काळजी वाहण्याची अपेक्षा ठेवणे जरा जास्तच होते. पुढच्या वर्षांत प्लेग दर हिवाळ्यात येत राहिला, कामगार त्याच्या वेळापत्रकाला सरावले, तुटवडा ओसरला, आणि रोजच्या पगाराची पद्धतही मालकांनी हळूहळू मोडून काढली.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला, म्हणजे ज्याला महाराष्ट्रात ‘मानमोडी’चा ताप म्हणत त्याला, पळून जाऊन चुकवता येत नव्हते. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले आणि काही दिवसांत साथ शहरभर पसरली; पावसाळ्याअखेर आलेली दुसरी लाट इतकी भयंकर होती की ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. गावी जाण्यातही अर्थ नव्हता, कारण त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते आणि साथ गावात आधीच पोहोचलेली होती. जातवार नोंदींत तथाकथित खालच्या जातींच्या हिंदूंचे मृत्यू हजारी ६१.६, इतर हिंदूंचे १८.९, पारशांचे ९ आणि युरोपियनांचे ८.३ असे आढळतात. रोगजंतूला जात ठाऊक नसते, तेव्हा हे आकडे घर, अन्न आणि शुश्रूषा यांचेच आहेत. या तापात औषधापेक्षा अंथरुणावर पडून राहणे आणि कोणीतरी पेज-पाणी देणे यांनीच माणूस वाचत होता, आणि दोन्ही गोष्टींसाठी कमाई थांबूनही चूल चालू राहावी लागे. शिवाय एकाला पाजण्यासाठी दुसऱ्यालाही घरी थांबावे लागे आणि खाडे दुहेरी पडत. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी वस्त्यांतून दूध आणि औषधे पोचवली. सरकारची यंत्रणा युद्धात गुंतलेली होती. साथ ओसरत असतानाच जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी महागाईवरून संप केला. संपाच्या मागण्यांत आजारपणाचा उल्लेख ठळकपणे नव्हता, तरी महिनाभराच्या तापाने रिकाम्या झालेल्या घरांचा तो संप होता हे विसरून त्याचा इतिहास लिहिणे अवघड आहे.

यानंतरची तीस वर्षे कायद्याची आहेत, आणि त्यांतील सर्वांत शिकवणारा भाग स्त्रियांच्या वाट्याचा आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने लोखंडे यांच्या पाचव्या मागणीचा काही भाग पुरा केला, म्हणजे कामावरील अपघात आणि काही ठरावीक व्यवसायजन्य रोग यांबद्दल मालकावर दायित्व टाकले. साधा ताप बाहेरच राहिला. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि ते फेटाळले गेले. तेव्हा मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलावयास हवा, पण कामगार स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्याने तूर्त त्याच्यावर तो टाकणेही अन्याय्य नाही, अशी भूमिका घेतली. १९२९ च्या मुंबई बाळंतपण लाभ कायद्याने गिरणीतील स्त्रीला दिवसाला आठ आणे या दराने सात आठवडे पैसे मिळू लागले. कुटुंबासाठी घेतलेल्या रजेचे पैसे मिळण्याचा हा भारतातील पहिला कायदेशीर हक्क.

त्याचा दोष त्याच्या रचनेतच होता. ज्या गिरणीत स्त्री कामाला तिनेच तिचे पैसे द्यायचे, त्यामुळे स्त्री जितकी कमी तितका खर्च कमी. दिवस गेल्याची चाहूल लागताच नाइकिणीने नाव कमी करावे, किंवा पात्रतेचे महिने भरण्याआधीच बाईला घरी बसवावे, असे मार्ग निघाले. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचात एक असलेले स्त्रियांचे प्रमाण पुढे घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी आणि वाइंडिंग-रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांतील नवी यंत्रे हीही कारणे होती, आणि एकट्या कायद्याला दोष देणे बरोबर होणार नाही. तरी रजेचा खर्च एकेकट्या मालकाच्या माथी मारला तर तो रजा घेण्याची शक्यता असलेल्या माणसालाच टाळू लागतो, हा धडा वाइंडिंग खात्यातील बायांनी आपल्या नोकऱ्या गमावून सर्वांना दिला.

तापाचे काय, हा प्रश्न १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आजारपणाच्या विम्याचा करार मांडला तेव्हा पुन्हा पुढे आला. भारत सरकारने तो स्वीकारला नाही. नकाराच्या कारणांत कामगार शहरात स्थिर नाही, तो गावी जात-येत असतो आणि गावात प्रमाणपत्र देणारा डॉक्टर नाही, ही कारणे प्रमुख होती. ज्या गावाने पन्नास वर्षे हा विमा फुकट चालवला होता, तेच गाव आता खरा विमा नाकारण्याचे निमित्त झाले. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने अशा योजनेची शिफारस केली आणि पुढे बरीच वर्षे अहवालांत गेली. दरम्यान १९३५ पासून मुंबईच्या मालक-संघाने बदलीची कार्डे सुरू केली; कार्ड असलेल्या बदलीने रोज सकाळी फाटकावर हजर राहायचे, काम मिळाले तर करायचे, न मिळाले तर परत जायचे. जॉबरच्या मनमानीला त्याने थोडा आळा बसला, पण स्वतः बदलीच्या आजारपणाला कोणत्याच वहीत जागा मिळाली नाही. ज्याला काम मिळेलच याची खात्री नाही, त्याचा खाडा तरी कसा धरायचा?

मार्च १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांची कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी नेमणूक केली. त्या वेळी सरकारात श्रम खाते डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. मालक आणि कामगार यांनी ठरावीक वर्गणी एका समाईक निधीत भरायची आणि पैसे मालकाने न देता निधीने द्यायचे, हा योजनेचा गाभा होता. म्हणजे कोण किती आजारी पडतो याच्याशी एकेका मालकाचा नफा-तोटा जोडलेला राहत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांच्या सूचनेवरून बाळंतपण आणि कामावरील इजाही याच निधीखाली आणल्या गेल्या. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

गिरणगावात हा विमा कसा चालत असे ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक विमाधारकाला एक कार्ड असे आणि त्याच्या वर्गणीची तिकिटे, टपालाच्या तिकिटांसारखी, त्यावर चिकटवली जात. आजारी पडल्यावर त्याने योजनेच्या यादीवरील आपल्या डॉक्टरकडे जायचे; डॉक्टर तपासून पहिले प्रमाणपत्र देई, बरे वाटल्यावर कामावर रुजू होण्यासाठी शेवटचे; आणि त्या प्रमाणपत्रांवर विम्याच्या स्थानिक कार्यालयात रोख पैसे मिळत. ही रक्कम सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराएवढी आणि वर्षातून जास्तीत जास्त आठ आठवड्यांची होती. त्या काळात, म्हणजे आजारपणाचे पैसे घेत असताना, मालकाने कामगाराला काढून टाकणे वा शिक्षा करणे कायद्याच्या ७३ व्या कलमाने बेकायदा ठरवले, आणि कामगाराच्या दृष्टीने हे कलम पैशांहूनही मोठे असावे. कापसाच्या तुसाने आणि कोंदट खोल्यांनी क्षयाचे घर झालेल्या गिरणगावात दीर्घ आजारासाठी वाढीव मुदतीची सोय पुढे झाली तेव्हा कित्येक संसार तिच्यावर तरले. आज हा दर पगाराच्या ७० टक्के आणि मुदत वर्षाला ९१ दिवसांची आहे. ठरावीक दीर्घ रोगांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात.

साथीच्या दृष्टीने मात्र या योजनेत दोन उणिवा पहिल्यापासून होत्या. एक म्हणजे प्रतीक्षाकाळ: आजारपणाचे पहिले दोन दिवस पैसे मिळत नाहीत. क्षयाच्या रोग्याला दोन दिवसांनी काही फरक पडत नाही, पण तीन दिवसांच्या तापाच्या माणसाला फक्त एकाच दिवसाचे पैसे मिळतात, आणि सांसर्गिक रोगात नेमके पहिले दिवसच सर्वांत जास्त फैलावाचे असू शकतात. खोटी आजारपणे रोखण्यासाठी ठेवलेली ही अट खऱ्या आजाऱ्याला कामावर ढकलते. दुसरी उणीव व्याख्येतील आहे. वैद्यकीय उपचारांची गरज असणारी आणि त्या कारणाने कामापासून दूर राहायला लावणारी अवस्था म्हणजे आजारपण, असे १९४८ च्या कायद्यात म्हटले होते. शेजारी रोगी निघाला म्हणून धडधाकट असूनही घरात कोंडून घातलेला माणूस या व्याख्येत सहज बसत नव्हता, आणि आजारी मुलाच्या किंवा आईच्या उशाशी बसलेला माणूस तर मुळीच नव्हता. प्लेगच्या छावणीत नेलेल्या सोबत्यांचा प्रश्न अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या कायद्यातही निरुत्तर राहिला. कायदा क्षय, अपघात आणि बाळंतपण यांच्या अनुभवातून घडला होता. साथीची आठवण त्याच्या एकाही कलमात नव्हती.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्याबरोबर कार्डे आणि प्रमाणपत्रेही गेली, आणि कामगारांची पुढची पिढी सुरक्षा रक्षक, कुरियर, बांधकाम, फेरी आणि घरकाम अशा विखुरलेल्या कामांत शिरली, जिथे विमा पोहोचतच नाही किंवा २१ हजारांच्या पगारमर्यादेवर आणि ठेकेदाराच्या वहीवर अडखळतो. दुकाने आणि कार्यालयांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा होती, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हक्काची रजा होती, पण आजारपणाची अशी वेगळी रजा नव्हती. दहाच्या आतल्या दुकानात तर तीही नव्हती.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी जो कायदा पुकारला तो १८९७ चाच होता, आणि पगाराबाबत तो तितकाच मुका होता. ही उणीव या वेळी सरकारी आदेशांनी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदीच्या काळातील पगार कपात न करता देण्याचा हुकूम काढला; महाराष्ट्राच्या निर्णयानुसार घरी थांबावे लागलेले कंत्राटी आणि रोजंदारीवरील कामगारही कामावर असल्याचे मानायचे होते; उत्तर प्रदेशाने बाधित कामगाराला २८ दिवसांची भरपगारी रजा सांगितली. कागदावर हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी प्रथमच सुटला होता. तो पन्नास दिवस सुटलेला राहिला. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने प्रवास आणि भोजनभत्ता वगळून पगार द्यावा असे सांगताना, जिथे टाळेबंदी उठली आहे तिथे कामावर न येणाऱ्याचा पगार कापण्याची मुभाही मालकांना दिली. गृह मंत्रालयाचा आदेश १८ मेपासून मागे घेण्यात आला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये व मधल्या काळाच्या पगाराबाबत मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात, असा अंतरिम निर्णय दिला. नुकताच गावाहून परतण्याचे भाडे जमवणारा कामगार कोणाशी आणि कशाच्या बळावर वाटाघाट करणार होता, याचा विचार निर्णयात दिसत नाही. १९२९ च्या कायद्याचीच चूक इथे मोठ्या प्रमाणावर झाली होती: निधी न उभारता एकेका मालकाला पैसे द्यायला सांगितले, आणि छोट्या कारखानदाराची अडचण खरी असल्याने मोठ्यांनाही तिच्या आडोशाला उभे राहता आले. कर्मचारी राज्य विम्याने जून २०२१ मध्ये कोविडने दगावलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला पगाराच्या ९० टक्के निवृत्तिवेतन जाहीर केले, म्हणजे मेलेल्या माणसाच्या पगाराचा दर जिवंत आजाऱ्याच्या ७० टक्क्यांहून चांगला ठरला.

कामगारांनी मात्र १८९७ चेच, पायांचे, उत्तर दिले. मे महिन्याच्या सुरुवातीला जालन्याहून गावाकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ झोपेत मालगाडीखाली सापडले. कामावर राहून कोविडच्या सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणाऱ्या आशा या आरोग्य कार्यकर्त्यांना तर मानधन मिळते, पगार नाही, कारण सरकारदप्तरी त्या कर्मचारी नसून स्वयंसेविका आहेत, आणि स्वयंसेविकेला रजा लागू होत नाही. जून २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी संप केला तेव्हा पैशांइतकाच हा दर्जाचा प्रश्नही होता.

गिरण्यांबरोबर ‘खाडा’ हा शब्द मात्र गेला नाही. तो आता मुख्यत्वे घरकामगार स्त्रियांच्या वाट्याला आला आहे, आणि त्यांच्यातील अनेकजणी गिरणी कामगारांच्या लेकी-सुना आहेत. महाराष्ट्राने २००८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण रजेचा करार स्वयंपाकघराच्या दारातच तोंडी होतो: महिन्याला दोन खाडे चालतील, तिसऱ्याचे पैसे कापले जातील. भिंतीवरच्या कालनिर्णयात ज्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडले जातात त्यांतच हेही मांडले जातात. २०२० च्या मार्च अखेरीला सोसायट्यांनी फाटके बंद केली, बायांना आत येऊ दिले जात नव्हते, आणि एप्रिलच्या पानावर ते चौकोन भरायचे की कोरे ठेवायचे हे ज्या त्या घराने आपापले ठरवले.